चढावर गुदमरते

ती जुनी गाडी नेमकी गॅरेजच्या दारात बंद पडली, याला योगायोग म्हणावं की गाडीचं शहाणपण, हे ज्याचं त्यानं ठरवावं. गॅरेजमधल्या बारकीला विचाराल तर ती म्हणेल, गाड्यांना माणसांपेक्षा अक्कल जास्तच असते.

थंडीची सकाळ होती. धुकं अजून रस्त्यावरून हललं नव्हतं. त्यातून ती फिकट निळी गाडी आली – खोकत, अडखळत, दमेकरी म्हातारीनं जिना चढावा तशी – आणि फाटकासमोर एक आचका देऊन गप्प झाली. आतून एक उंच, शिडशिडीत तरुण उतरला. धुक्याचे बारीक थेंब चष्म्यावर बसले म्हणून त्यानं चष्मा काढला, रुमालानं पुसला, पुन्हा लावला, आणि तेव्हा कुठे त्याला समोरची मुलगी दिसली. अंगात निळा डगला, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या, गालावर ग्रीसचा डाग.

"मिस्त्री आहेत का?"

"आहेत."

"जरा बोलावता?"

"कशाला? समोरच उभे आहेत की."

त्यानं तिच्या खांद्यावरून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. मग त्याचे कान लाल झाले, आणि ते थंडीनं नाही हे तिनं बरोबर ओळखलं.

"चष्म्याचा नंबर वाढलाय तुमचा," ती म्हणाली. "तपासून घ्या."

"मीच तपासतो लोकांचे डोळे. चौकातलं चष्म्याचं दुकान... ते माझंच."

"अरे वा! म्हणजे दिव्याखाली अंधार."

तेव्हापासून तो तिच्यासाठी चष्मेवाला झाला.

खरे मिस्त्री म्हणजे तिचे वडील. पण हल्ली त्यांचे हात थरथरायला लागले होते. स्क्रूच्या खाचेत स्क्रू ड्रायव्हर टेकवायचा म्हटला तरी तो भलतीकडेच जाई. कान मात्र तल्लख. गॅरेजच्या दाराशी एका भंगार गाडीचं सीट काढून ठेवलेलं होतं, त्यावर ते शाल पांघरून बसत आणि नुसत्या आवाजावरून गाडीचं दुखणं सांगत. हात बारकीचे, कान त्यांचे, असा बापलेकीचा संसार चालला होता. बारकीची आई गेल्यापासून त्या गॅरेजात बोलणं कामापुरतंच होई आणि हसणं तर जवळजवळ बंदच पडलं होतं.

"हं, सांगा. काय होतंय?" बारकीनं बॉनेट उचलत विचारलं.

"मला?"

"गाडीला हो!"

"अच्छा... गाडीला. सिग्नलला उभी राहिली की बंद पडते."

"सकाळी सुरू करताना कटकट करते?"

"नाही. चोक ओढला की लगेच."

"धावताना?"

"धावताना अगदी शहाण्यासारखी. फक्त उभं राहिलं की रुसते."

"म्हणजे एका जागी थांबायचा कंटाळा आहे तिला."

"आत्यावर गेलीय," तो म्हणाला. "गाडी आत्याची आहे."

बारकीला हसू आलं. दाराशी बसलेल्या मिस्त्रींनी मान वळवली आणि नेहमीचं वाक्य टाकलं, "आधी प्लग, बारके."

हा त्यांचा नियम होता. गाडी कुठलीही असो, कालच येऊन गेलेली का असेना, मालक काहीही सांगो, आधी प्लग काढायचा आणि त्याच्या टोकाचा रंग बघायचा. काळं काजळ धरलं असेल तर पेट्रोल जास्त जातंय. राखेसारखा पांढरट असेल तर पेट्रोल पुरत नाही, गाडी उपाशी आहे. भाजलेल्या बिस्किटाचा रंग आला तर सगळं ठीक. "मालक चुकेल, मिस्त्री चुकेल, प्लग नाही चुकणार," ते म्हणत. "त्याला विचारल्याशिवाय कार्बोरेटरला हात लावायचा नाही. नाहीतर दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला."

प्लग काळाकुट्ट निघाला. बारकीनं तो पुसून परत बसवला आणि कार्बोरेटरच्या अंगावरचा एक छोटा पितळी स्क्रू दाखवला.

"हा बघा. पेट्रोल आणि हवा यांचं जमवून द्यायचं याचं काम. आवळला की गाडी एकीकडे रुसते, सैल केला की दुसरीकडे. मधे एक जागा असते, तिथे ती छान गुणगुणायला लागते. फिरवता?"

"मी? बिघडलं तर?"

"मी आहे ना."

त्यानं वाकून स्क्रू फिरवला. इंजिन थरथरलं, अडखळलं. "थोडा परत," ती म्हणाली. तिचं डोकं त्याच्या डोक्याजवळ आलं होतं. तिच्या केसांना पेट्रोलचा आणि साबणाचा वास येत होता. "आणखी थोडा... आता?"

"आता बरं की आधी बरं?" तो पुटपुटला, आणि स्वतःच हसला. "आम्हीही दिवसभर हेच विचारतो हो! भिंग बदलायचं आणि विचारायचं – आता बरं, की आधी बरं?"

"आणि लोक काय सांगतात?"

"निम्मे लोक मला बरं वाटावं म्हणून 'आता' म्हणतात."

इंजिनानं एकदम सूर धरला. दोघंही क्षणभर तसेच वाकून ऐकत राहिले. मिस्त्रींनी दारातून मान डोलावली.

"एक लक्षात ठेवा," बारकी सरळ होत म्हणाली, "हा स्क्रू गाडी उभी असतानाच्या कामाचा. धावताना, चढ चढताना पेट्रोल वेगळ्या वाटेनं येतं, खालच्या या वाटीतून. तिथे काही झालं तर हा स्क्रू कितीही पिळा, उपयोग नाही. लांब जाणार आहात कुठे?"

त्याचा चेहरा जरा बदलला.

"जायचंय. म्हणजे... आत्या हो म्हणेल तेव्हा."

आणि मग त्यानं सांगितलं. कुणाला सांगत नसे, पण तिला सांगितलं. त्याचे आईवडील तो अगदी लहान असताना गेले. त्याला दोन आत्या. दोघींनाही तो हवा होता. मोठी आत्या डोंगरापलीकडच्या गावात राहायची. तिनं त्याच्यासाठी खोलीसुद्धा तयार केली होती. आणि धाकटीनं – म्हणजे आत्यानं – एका सकाळी कुणाला न विचारता त्याला या निळ्या गाडीत घातलं आणि इकडे घेऊन आली. तेव्हापासून बहिणी-बहिणींचा अबोला. ना जाणं, ना येणं. आता मोठ्या आत्याचं हृदय थकलं होतं. डॉक्टर म्हणत, आजचा दिवस आपला. तिनं निरोप पाठवला होता – दोघं या, मला बघायचंय.

"आणि आत्या?"

"आत्या म्हणते, बघू. रोज रडते आणि रोज 'बघू' म्हणते. एवढंच म्हणते की जाईन तर याच गाडीतून. 'ज्या गाडीतून तुला पळवला त्याच गाडीतून तिच्या दारात उभा करीन.' ज्या दिवशी तिच्या तोंडून 'हो' निघेल त्या दिवशी गाडी तयार हवी. दुसऱ्या दिवशी तिचं मन फिरेल, किंवा..." त्यानं पुढचं वाक्य सोडून दिलं.

"गाडी तयार असेल," बारकी म्हणाली. "माझा शब्द."

पुढच्याच आठवड्यात निळी गाडी पुन्हा फाटकात हजर. सिग्नलला बंद पडते म्हणे.

बारकीनं प्लग पाहिला, पुन्हा काजळी. मग पितळी स्क्रूकडे पाहिलं आणि तिला हसू दाबावं लागलं. स्क्रूच्या रुंद खाचेत एक केसासारखा बारीक, ताजा ओरखडा होता. गॅरेजमधल्या कुठल्याही स्क्रू ड्रायव्हरचं टोक इतकं बारीक नसतं. असं टोक असतं ते चष्म्याच्या दांडीचे स्क्रू आवळायच्या स्क्रू ड्रायव्हरला. मांजर डोळे मिटून दूध पितं ते असं!

"आपोआप फिरला असेल का हो?" चष्मेवाला छताकडे बघत म्हणाला.

"फिरतात कधीकधी. आपोआप," बारकी म्हणाली. "गाडी जुनी आहे."

"मग... पुन्हा आणावी लागेल का?"

"आणा की. तब्येतीवर लक्ष ठेवलेलं बरं."

झालं. निळ्या गाडीची तब्येत त्या थंडीत फारच नाजूक झाली. कधी सोमवारी बिघडे, कधी शनिवारी. तो यायचा, ती बॉनेट उघडायची, तो तिला गिऱ्हाइकांच्या गमती सांगायचा, ती हसायची. 'अहो-जाहो' केव्हा गळून पडलं ते दोघांनाही कळलं नाही. प्लग बघायचा नियमही हळूहळू मागे पडला, कारण दुखणं तर ठाऊकच होतं! स्क्रूवरचा बारीक ओरखडा बघायचा, गालात हसायचं आणि स्क्रू जागेवर आणायचा.

एकदा ती स्वतः त्याच्या दुकानात गेली. डोळे दुखतात म्हणाली. त्यानं तिला खुर्चीत बसवलं, समोरच्या पाटीवरची अक्षरं वाचायला लावली. तिनं मोठी अक्षरं चुकीची वाचली आणि सर्वांत खालची, मुंगीएवढी ओळ घडाघडा म्हणून दाखवली. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला.

"डोळे ठणठणीत आहेत तुझे. पण तुझं काही खरं नाही."

"मग... पुन्हा यावं लागेल का?"

"ये की," तो म्हणाला. "तब्येतीवर लक्ष ठेवलेलं बरं."

ती रस्त्यावर येऊन हसत सुटली. त्या दिवसांत जग असं होतं.

मग एका दुपारी चष्मेवाला जवळजवळ पळतच गॅरेजात आला. गाडी फाटकात वाकडी उभी केलेली, चेहरा नुसता फुललेला.

"आत्या हो म्हणाली! उद्या सकाळी निघायचं. पिशवी भरून बसलीय. मोठ्या आत्याला फोनसुद्धा केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बोलल्या दोघी... बोलल्या कसल्या, रडल्याच नुसत्या."

बारकीला इतका आनंद झाला की तिनं हातातला पाना तसाच खाली टाकला.

"पण अगं, गाडी..." तो थांबला. "काल पुलाच्या चढावर गुदमरली. मधेच दम तोडला. खरंच."

"खरंच?"

"या वेळी खरंच."

"दर वेळी खरंच असतं," ती म्हणाली आणि बॉनेट उचललं. स्क्रू फिरवलेला होता. खाचेत ताजा, चकचकीत, बारीक ओरखडा. म्हणजे उद्या निघायच्या आधी एकदा भेटायला हवं होतं तर! तिनं त्याच्याकडे पाहिलं. तो काहीतरी सांगायला तोंड उघडत होता आणि परत मिटत होता. तिला वाटलं, लाजतोय.

"बारके..."

"काय?"

"काही नाही. म्हणजे... परत आलो की तुला एक विचारायचंय."

"आत्ता विचार."

"आत्ता नाही. मोठ्या आत्याला भेटून आलो की. तिलाही सांगायचंय तुझ्याबद्दल."

बारकीच्या कानांत इंजिनाचा आवाज येईना, काहीच येईना. तिनं स्क्रू जागेवर आणला. उभ्या जागी गाडी अगदी सुरात गुणगुणू लागली. आतून मिस्त्रींचा आवाज आला, "प्लग पाहिलास, बारके?"

"हो बाबा," ती म्हणाली.

पाहिला नव्हता.

लांडगा आला रे आला ही गोष्ट आपण सगळे लहानपणी ऐकतो. त्यात खोटं बोलणाऱ्या पोराला शिक्षा होते आणि गोष्ट संपते. खोटं ऐकून गालात हसणाऱ्याचं पुढे काय होतं, ते कुणी सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपार होत आली होती तेव्हा गॅरेजचा फोन वाजला. डोंगराच्या अर्ध्या चढावरच्या कुठल्याशा दुकानातून तो बोलत होता. "सकाळपासून चढावरच अडकलोय, हे दुकान आत्ता उघडलं. चार पावलं चालते आणि मरते. थांबलो की पुन्हा चार पावलं. बारके, ये ना."

तिनं वडिलांची मोटारसायकल काढली. वारा डोळ्यांत घुसत होता, हात गोठले होते, पण तिला वेग कमी करवेना. मनात एकच होतं – चढावर गुदमरते असं तो म्हणाला होता. चढावर. सिग्नलला नव्हे. मी ऐकलं कसं नाही?

वळणावर तिला आधी आत्या दिसली. गाडी नाही, आत्या. छोटीशी, शाल घट्ट गुंडाळलेली बाई, हातात पिशवी घेऊन एकटीच चढ चढत होती. रस्त्याच्या कडेला उभी असलेली गाडी वेगात तिला दिसलीच नव्हती, ती बरीच मागे राहिली होती. बारकीनं मोटारसायकल थांबवली.

"आत्या, चालत कुठे निघालात?"

"जेवढं जवळ जाईन तेवढं जाईन," ती धापा टाकत म्हणाली. "ताई वाट बघतेय गं. तूच का ती मिस्त्रीण? कर बाई काहीतरी."

बारकीनं तिला मागे बसवून गाडीपाशी आणलं. चष्मेवाला बॉनेट उघडून नुसता उभा होता. तिनं आधी प्लग काढला. टोक पांढरं होतं, राखेसारखं. गाडी उपाशी होती. मग तिनं कार्बोरेटरची खालची वाटी सोडवली. तळाशी लालसर गाळ साचला होता. जुन्या टाकीचा गंज, महिनोन्महिने झिरपलेला. जेटच्या, म्हणजे पेट्रोल वर जायच्या बारीक पितळी नळीच्या, भोकात त्याचाच एक कण अडकला होता, मोहरीहूनही लहान. सपाट रस्त्यावर कसंबसं पुरत होतं. चढावर गाडी जास्त पेट्रोल मागायची आणि तो कण देत नसे. तिनं जेट बाहेर काढला, तोंडानं जोरात फुंकर मारली, उजेडाकडे धरून आरपार पाहिलं. एवढंच काम होतं. चहाला उकळी यायला लागतो तेवढा वेळ.

"तो स्क्रू मीच फिरवत होतो," तो अगदी हळू म्हणाला. आत्या आत बसली होती.

"माहीत आहे."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून."

"मग काल..."

"काल मला वाटलं, तेच."

"या वेळी मी तो गाडी नीट व्हावी म्हणून फिरवला गं," त्याचा आवाज फुटला. "चढावर गुदमरली तेव्हा घाबरलो. मला तेवढा एकच स्क्रू ठाऊक होता. तुला सांगायला आलो, तर मग आधीचं सगळंच सांगावं लागलं असतं..."

बारकीनं वाटी बसवली. गाडी सुरू झाली, खणखणीत. आत्यानं काच खाली केली आणि तिचा ग्रीसनं भरलेला हात दोन्ही हातांत घेतला.

"तुझे हात सोन्याचे आहेत, पोरी. तुझ्यामुळे पोचतोय बघ आम्ही."

बारकीला तो हात सोडवून घेता येईना. गाडी चढ चढून वळणाआड गेली. ती रस्त्याच्या कडेला दगडावर बसून राहिली, आणि तिथे ऐकायला कुणी नव्हतं म्हणून मोठ्यानं रडली.

संध्याकाळी फोन आला. "उशीर झाला," एवढंच तो म्हणाला. मग त्यानं सांगितलं, मोठी आत्या सकाळपासून खिडकीशी उशा लावून बसली होती. रस्त्यावर गाडीचा आवाज आला की विचारायची, आले का? दुपारी विचारायची थांबली.

बारकीनं फोन ठेवला आणि वडिलांसमोर जाऊन उभी राहिली.

"बाबा, मी प्लग पाहिला नव्हता. खोटं बोलले."

मिस्त्रींनी आपल्या थरथरणाऱ्या हातांकडे पाहिलं.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "प्लग सोडवल्याचा आवाज कुठे आला होता?"

"मग बोलला का नाहीत?"

"तू हसत होतीस, बारके. तुझी आई गेल्यापासून मी या घरात हसणं ऐकलं नव्हतं. म्हटलं, एक दिवस नियम राहिला तर राहिला." त्यांनी शाल ओढून घेतली. "माझीच अक्कल गहाण पडली."

त्यानंतर निळी गाडी आली नाही. चष्मेवालाही आला नाही. ती दर वेळी फाटक वाजलं की मान वर करायची आणि परत खाली घालायची. दुकानात जावंसं वाटायचं, पण कुठल्या तोंडानं जायचं? त्याचा राग असेल तर तो रास्त होता. आणि राग नसेल, तर तेही तिला सोसलं नसतं. थंडी सरली, रस्त्यावरचं धुकं गेलं, ऊन टोचायला लागलं. रुसवा नव्हता, भांडण नव्हतं, तरीही दोघांमध्ये अबोला येऊन बसला.

आणि एका सकाळी फाटकात आत्या उभी. एकटी, चालत आलेली.

बारकीनं हात पुसले, तिला वडिलांच्या शेजारच्या स्टुलावर बसवलं आणि उभ्यानंच म्हणाली, "आत्या, तुम्ही त्या दिवशी मला सोन्याचे हात म्हणालात. मला ते..."

"बस खाली. मला ठाऊक आहे सगळं. घरी आल्या आल्या त्यानं सांगितलं. त्याचा स्क्रू, तुझा प्लग, सगळं." आत्या दमली होती, तिनं पाणी मागितलं, प्यायली. "राग आला. खोटं कशाला बोलू? इतका आला की त्याच्याशी बोलणंच सोडलं. ताट वाढायचं, उठून जायचं. आमच्यात अबोला कसा धरायचा ते मला शिकवायला नको. परवा तो जेवता जेवता उठून गेला, ताट तसंच टाकून. आणि मी त्या ताटाकडे बघत बसले. म्हटलं, बये, परत तेच करतेयस."

बाहेर एक ट्रक गेला.

"तुम्ही दोघांनी माझी एक सकाळ घालवली, पोरी," आत्या म्हणाली. "पण ती गाडी वर्षानुवर्षं माझ्या दारात उभी होती. ठणठणीत. एका किल्लीवर सुरू व्हायची. तेव्हा मी नाही निघाले. त्या सगळ्या सकाळी कुणाच्या नावावर टाकू मी?"

आणि ती रडायला लागली. आवाज न करता, शाल तोंडाशी धरून. मिस्त्रींनी थरथरता हात पुढे करून तिच्या स्टुलाच्या कडेवर ठेवला. शेवटी आत्यानंच डोळे पुसले.

"तो सुकलाय नुसता. दुकानात बसतो, भिंगं पुसतो. मी त्याच्यासाठी आले नाही हां, मी माझ्यासाठी आले. पण तू... तू काय ठरवलंयस? माझ्यासारखं 'बघू' म्हणायचं?"

बारकीनं वडिलांकडे पाहिलं. त्यांनी नुसती मान हलवली, जा.

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. चष्मेवाला काचेच्या पेटीमागे बसून एक चष्मा पुसत होता. तिला पाहून तो उठला आणि सवयीनं तिच्या मागे, रस्त्याकडे पाहिलं.

"काय झालं? मिस्त्रीकाका बरे आहेत ना?"

"बरे आहेत. सगळं बरं आहे. काही निमित्त नाहीये माझ्याकडे. तुला भेटायला आले."

तो पेटीला धरून उभा राहिला.

"मी यायचो," तो म्हणाला. "रोज तुमच्या कोपऱ्यापर्यंत यायचो आणि परत फिरायचो. तुझ्यावर राग नाही, बारके. शपथ, नाही. पण तुला पाहिलं की... तो चढ आठवतो. पिशवी घेऊन चालणारी आत्या आठवते. हे कधी जाणारच नाही, असं वाटतं. मग कसं व्हायचं आपलं?"

"मला माहीत नाही," ती म्हणाली. मग तिनं विचारलं, "मोठ्या आत्या कशा होत्या रे?"

त्यानं बोलायला तोंड उघडलं.

"मला माहीत नाही," तो म्हणाला. "मला माहीतच नाही गं. त्या घरात माझी खोली होती. अजून आहे. लहानसा पलंग, भिंतीवर माझी उंची मोजायला आखलेली पट्टी... तिच्यावर एकही खूण नाही. तिनं माझ्यासाठी सगळं मांडून ठेवलं होतं आणि मला तिचा आवाजसुद्धा आठवत नाही. फोनवर मी बोललो असतो त्या दिवशी, तर... म्हटलं, उद्या भेटणारच आहोत."

चष्मा काढायचंही त्याला सुचलं नाही. तो तसाच रडू लागला. बारकी पेटीला वळसा घालून आत गेली. तिनं त्याचा चष्मा काढला, डगल्याच्या खिशात ठेवला आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर ओढून घेतलं. रस्त्यावरून माणसं जात होती, काचेतून आत बघत होती. बघेनात का.

"नाहीच जाणार ते," ती म्हणाली. तिचाही आवाज ओला होता. "मलाही आठवतं. रोज. कुठलीही गाडी उघडली तरी आठवतं. पण मला ते एकटीनं नाही आठवायचं. आणि तुला एकट्याला मी आठवू देणार नाही."

त्यानं तिच्या डगल्याची बाही दोन्ही मुठींनी धरून ठेवली, आणि बराच वेळ सोडली नाही.